रिकाम्या बाटलीचा वास

मित्रांनो, गोड बोलायची मला सवय नाही. ते आधीच सांगते, म्हणजे पुढं तुम्हाला राग येणार नाही आणि मला थांबावं लागणार नाही.

मी लाकडाची पेटी आहे. जुनी आहे. माझी एक बिजागरी सैल झालीय, झाकणाला चीर गेलीय आणि कडीच्या जागी सुतळी बांधलीय. माझ्या पोटात बारा खण आहेत. प्रत्येक खणात काळ्या कागदात गुंडाळलेली एक छोटी बाटली आहे. अकरा बाटल्यांत अकरा वास आहेत आणि बारावी रिकामी आहे. लोक मला वासाची पेटी म्हणतात. मला स्वतःला नाक नाही. पण बारामती आणि इंदापूर तालुक्यातली इतकी नाकं माझ्यावर वाकली आहेत, की नाक हा विषय मला कुणी शिकवू नये.

तुम्ही विचाराल, नाक कशाला तपासायचं? तेच तर. साखर रक्तात वाढली की डोळे जातात, मूत्रपिंड जातं, पाय जातो, हे तुमच्या गावातल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. हे सांगतानाच तो तुमच्या चहात दोन चमचे साखर टाकतो, ते सोडा. पण साखरेच्या काही माणसांचं नाकही हळूहळू मंद होतं. सगळ्यांचं नाही. कुणाचं सर्दीनं जातं, कुणाचं वयानं, कुणाचं तपकिरीनं. पण साखरेच्या माणसाचं गेलं तर ते कुणी विचारत नाही, आणि ज्याचं गेलंय त्यालाही कळत नाही. डोळा गेला तर माणूस ठेचकाळतो. नाक गेलं तर माणूस तसाच ऐटीत फिरतो.

मला बनवलं महिपतीनं. वालचंदनगरच्या कारखान्यात तो लाकडी नमुने बनवणारा सुतार होता. मोठमोठे लोखंडी भाग ओतायच्या आधी त्यांचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. ते काम त्यानं जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर त्याचे हात रिकामे झाले आणि बायकोचं डोकं उठलं, कारण तो घरातल्या प्रत्येक स्टुलाचे पाय तपासत बसायचा. त्याची मुलगी राजलक्ष्मी तेव्हा बारामतीत एका डॉक्टरांकडे नर्स होती. साखरेच्या लोकांना वास येतो का, ते डॉक्टरांना तपासायचं होतं. त्यासाठी त्यांनी परदेशातून एक संच मागवला होता. दिसायला झकास, रंगीत पेनांसारखा. टोपण काढायचं, नाकाखाली धरायचं, कशाचा वास ते विचारायचं.

तो संच घेऊन पहिल्या दिवशी मंडळी काटेवाडीला गेली. आणि काय झालं? त्या पेनांत कुठल्या कुठल्या थंड मुलखातली फुलं, कुठली झाडं, कुठल्या गोळ्या. काटेवाडीच्या माणसानं ती जन्मात पाहिली नाहीत. पहिली बाई म्हणाली, "साबन हाय." दुसऱ्या पेनाला म्हणाली, "ह्योबी साबन. जरा भारीतला." मग रांगेतले सगळेच साबण म्हणू लागले. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "अंघोळीला घातलंय का काय आमाला आज?" कागदावर पाहिलं तर अख्ख्या काटेवाडीला नाक नव्हतं. डॉक्टर प्रामाणिक होते. ते कपाळाला हात लावून हसले आणि म्हणाले, "नाकं ठणठणीत आहेत. पेटी चुकली."

म्हणून मी जन्मले. एका मोडक्या पलंगाचं सागवान होतं, त्याला महिपतीनं रंधा मारला. खण इतके अचूक पाडले, की बाटली आत बसताना सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा. राजलक्ष्मीनं बाटल्यांत इथलेच वास भरले. लवंग, लसूण, हिंग, कापूर, चहापावडर, काकवी, संत्र्याची साल, रॉकेल, निलगिरीचं तेल, उदबत्ती, खोबरेल. महिपतीनं मोजले.

"अकराच झाले की गं. बारावा खण वाया गेला."

"बारावी बाटली रिकामी ठेवायची, आण्णा."

"रिकामी? मग त्यात तपासायचं काय?"

"माणूस," राजलक्ष्मी म्हणाली.

महिपतीला तेव्हा ते कळलं नाही. मलाही नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं.

मित्रांनो, आपल्याकडे 'नाही' म्हणायची लाज वाटते. पाहुण्याच्या घरी भाजी कशी झालीय विचारलं, तर ती खारट असो, करपलेली असो, आपण म्हणतो, "झकास." तीच खोड माणसं माझ्यापुढं घेऊन यायची. बाटली नाकाखाली धरली की त्यांना वाटायचं, शिस्टरनं प्रेमानं काहीतरी पुढं केलंय, आता नाव ठेवायचं कसं? मग म्हणायची, "हाय की. भारी हाय." कशाचा वास आहे विचारलं, की शेजारच्याच्या तोंडाकडे बघायची. नवरा तपासायला बसला की बायको मागून खाकरायची. बायको बसली की... बायको बसायचीच नाही. ती नवऱ्याला घेऊन आलेली असायची. तिलाही साखर असेल असं तिला वाटायचं नाही आणि त्याला तर मुळीच वाटायचं नाही. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि शेकडो वेळा माझ्या सागवानाचा जळफळाट झालाय.

रिकामी बाटली या खोडीचं औषध होती. तिला हुंगून माणूस "कशाचाच न्हाय" म्हणाला, तर त्याच्या बाकीच्या उत्तरांवर विश्वास ठेवायचा. "भारी हाय" म्हणाला, तर तो आपल्याला खूश करतोय.

माझे ते दिवस कामाचे होते. मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून राजलक्ष्मी मला गावोगाव न्यायची. एकदा बारामतीत मोठं शिबिर भरलं. मांडव, खुर्च्या, फुलांचे गुच्छ. भाषणं झाली. साखरेच्या रोगावर बोलून झाल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. खोटं सांगत नाही. माझ्याबरोबर फोटो काढायला माणसं रांगेत उभी राहिली. तपासून घ्यायला त्यातली निम्मीसुद्धा बसली नाहीत.

मग डॉक्टरांचं काम संपलं. ते दुसऱ्या शहरात गेले. राजलक्ष्मीची नोकरी बदलली, आणि मला एका लोखंडी कपाटावर टाकून दिलं. तिथं माझी काय दशा झाली ते ऐका. ज्याची दाढ दुखली त्यानं लवंग नेली. आरतीला कापूर कमी पडला तेव्हा माझा कापूर गेला. चहापावडर उकळून प्यायली. रॉकेलनं कुणीतरी सायकलची साखळी पुसली. शेवटी माझ्या झाकणावर शिक्क्याची गादी ठेवू लागले. शाई पाझरून माझ्या अंगात मुरली, तो डाग अजून आहे. यातल्या कुणालाही मी वाईट म्हणत नाही. त्यांनी मला कपाटावर पाहिलं आणि कपाटावरच्या वस्तूला जसं वागवतात तसं वागवलं.

काही वर्षांनी राजलक्ष्मी मला शोधत आली. तिची नेमणूक इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या उपकेंद्रात झाली होती. महिपती तोवर गेला होता. तिनं मला खाली काढलं, धूळ पुसली, आणि तिथल्या माणसाला एवढंच म्हणाली, "ही माझ्या आण्णांच्या हातची आहे. मी नेते." त्यानं शिक्क्याची गादी तेवढी ठेवून घेतली आणि मला जाऊ दिलं. निरवांगीत तिनं बाटल्या धुतल्या, नवे वास भरले, आणि साखरेच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यापुढं बसवायला सुरुवात केली.

आता रावजीची गोष्ट. त्याच्यासाठीच मी एवढं बोलतेय.

रावजी हा निरवांगीचा खरबुजवाला. कॅनॉलच्या पाण्यावर त्याची भाजी आणि फळं. खरबूज पिकलंय का हे तो देठापाशी नाक लावून सांगायचा. रंग बघायचा नाही, दाबायचा नाही. हुंगायचा, आणि "तोड" किंवा "राहू दे" म्हणायचा. त्याचा शब्द चुकायचा नाही. शेजारच्या मळ्यांतले लोक त्याला बोलवून न्यायचे. पण त्या हंगामात त्यानं "तोड" म्हटलेली गाडीभर खरबुजं बाजारात कच्ची निघाली. रावजीनं बियाण्याला शिव्या घातल्या. मग खताला. मग हवामानाला. मग त्याच्या रणजितला, म्हणजे पोराला. स्वतःच्या नाकावर त्याचा संशय गेला नाही. कसा जाईल? तो गावाचं नाक होता.

गोळ्या न्यायला तो बायकोला, द्वारकाबाईला, घेऊन आला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, पायात काळे बूट आणि मोजे. साखर तपासली, ती भरमसाट वाढलेली होती. राजलक्ष्मीनं मला पुढं ओढलं.

"आबा, डोळे मिटा. वास तपासायचाय."

"ह्या नाकाची परीक्षा घेताय व्हय शिस्टर? निरवांगीत इचारा कुणालाबी."

"निरवांगीला विचारून झालं. आता नाकाला विचारते."

रावजीनं हसत डोळे मिटले. पहिली लवंग. तो हुंगत राहिला. मागं द्वारकाबाईनं गालावर हात ठेवला आणि पुटपुटली, "दाढ लई ठणकायली बया."

"लवंग!" रावजी म्हणाला.

दुसरा लसूण. द्वारकाबाई खाकरली. "शिस्टर, आमच्यात आज ठेचा क्येलाय."

"लसून!"

"काकू," राजलक्ष्मी म्हणाली, "पेपर तुमचा नाही. बाहेर बाकावर बसा."

"मी कुटं काय बोलली?"

"काहीच नाही. बाहेर बसून बोलू नका."

द्वारकाबाई पदर सावरत बाहेर गेली, आणि रावजी एकटा पडला. काकवीची बाटली आली. तो म्हणाला, "चांगला हाय."

"कशाचा?"

"चांगल्याचाच की."

रॉकेल आलं. मित्रांनो, रॉकेल! दार बंद असलं तरी शेजारच्या घरातून कळतं ते. रावजीनं नाक बाटलीला टेकवलं, दोनदा ओढलं, आणि दबकत म्हणाला, "अत्तर हाय व्हय?"

राजलक्ष्मी हसली नाही. तिनं कापूर धरला. रावजी एकदम खुलला. "कापूर! बगा, बराबर का न्हाय?" बरोबर होतं, पण त्यात नाकाची कर्तबगारी नव्हती. कापूर आणि निलगिरी नाकात गार झोंबतात. वास गेलेल्यालाही ती झोंबणी कळते. मग निलगिरी धरली, तर तो म्हणाला, "ह्योबी कापूरच."

मग तिनं बारावी बाटली उघडली. माझी रिकामी बाटली. रावजीनं छाती भरून श्वास घेतला. त्याचा चेहरा निवळला. खरंच काही आल्यासारखा.

"लवंग," तो म्हणाला. "झकास लवंग. वरिजनल."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? रावजीचा शब्द हाय."

राजलक्ष्मीनं त्याचा हात धरला आणि बाटली त्याच्या तळव्यावर उपडी केली. "डोळे उघडा, आबा."

तळव्यावर काही नव्हतं. रावजीनं बाटलीत बोट घातलं. ती कोरडी होती. त्यानं काळा कागद सोडून बाटली उजेडाकडे धरून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ती माझ्या खणात आदळली आणि उठला.

"पडसं झालंय मला. पडशाच्या मान्साची परीक्षा घेत्यात व्हय?"

पडसं नव्हतं. ते राजलक्ष्मीला दिसत होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. तो तरातरा फाटकाकडे गेला.

बाहेर बाकावरून द्वारकाबाईनं विचारलं, "पास झालं का?"

राजलक्ष्मी तिच्याशेजारी बसली. मी तिच्या मांडीवर होते. "काकू, खरं सांगा. घरात कशाचा वास सुटला आणि आबांना आला नाही, असं झालंय का इतक्यात?"

"झालंय की. आमच्यात उंदीर मेलाय."

"कुठं?"

"त्येच तर घावंना. पंधरवडा झाला. कडब्याची गंजी हलीवली. माळवदावरची अडगळ काडली. रणजितनं न्हाणीचा दगुड उकारला. आबा सोता उभं राहून, हितं बगा, तितं बगा, करत हुतं. वास त्यास्नी येत न्हाय, पर हुकूम त्यांचाच."

"वास जास्त कुठं येतो?"

द्वारकाबाई बोलायला लागली आणि अडखळली. "पडवीत. न्हाय, आतबी येतो. आबा पडवीत बसलं की पडवीत... आन् आत आलं की..."

तिनं पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, तिला ठाऊक होतं. त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्याच्या अंगाला वास येतो, हे वाक्य तोंडातून काढायचं नसतं. ते पाप समजतात. म्हणून त्यांनी उंदीर मारला. खरा उंदीर नव्हताच. एक माणूस दुखावू नये म्हणून घरातल्या तिघांनी मिळून एक उंदीर तयार केला आणि पंधरा दिवस त्याला शोधला.

राजलक्ष्मीनं उपकेंद्राला कुलूप लावलं. मला कॅरिअरला बांधलं. द्वारकाबाईला मागं बसवलं आणि रावजीच्या वस्तीवर गाडी घातली. दुपार होती. अंगणातच धुपाचा लोट आला. सुनेनं पडवीत धूप घातला होता, आत उदबत्त्या लावल्या होत्या, उंबऱ्यावर फिनेल ओतलं होतं. एवढा बंदोबस्त कुठल्या देवळात नसेल. रावजी पडवीत खाटेवर बसला होता, बूट-मोज्यांसकट. रणजित उठून पुढं आला.

"या शिस्टर. उंदीर काय घावला न्हाय अजून."

"मला घावलाय," राजलक्ष्मी म्हणाली. तिनं मला खाटेवर ठेवलं आणि खाली बसली. "आबा, बूट काढा."

रावजीनं पाय मागं घेतले. "तुमीच म्हणला हुता, शुगरच्या मान्सानं अनवानी फिरू नगा म्हणून. मी तुमचं ऐकलं. आता बूट काडा म्हंता."

"फिरताना घाला म्हणाले. झोपताना घाला म्हणाले का?"

रावजीनं नकारार्थी मान हलवली. तेव्हा कळलं, की हा बाबा झोपतानाही मोजे काढत नव्हता. थंडी वाजते म्हणायचा. शिस्टरचा शब्द त्यानं शंभर टक्के पाळला होता, आणि पाळता पाळता पायाकडे बघायचंच विसरला होता. पाय बधिर झालेला. दुखत नव्हता, म्हणजे काही झालंच नव्हतं.

"चार मान्सांत पाय उगडा करायचा?" तो म्हणाला. "सुनंसमोर? आमच्यात तसलं चालत न्हाय."

"ऱ्हाऊ द्या शिस्टर," रणजित हळू आवाजात म्हणाला. "आबास्नी लाजिवल्यागत हुतंय. मी नेतो त्यास्नी दवाखान्यात, ह्या आठवड्यात. तोड संपली की."

"तोड संपेपर्यंत पाय संपेल."

रणजितनं मान खाली घातली. धुपाचा धूर सगळ्यांच्या मधून फिरत होता. आणि मग दारात उभी असलेली द्वारकाबाई पुढं आली. तिनं धुपाचं भांडं उचललं, अंगणात नेऊन पालथं केलं आणि वर माती लोटली. परत येऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती त्याच्यासमोर अशी कधी उभी राहिली नसेल.

"अवं," ती म्हणाली, "उंदीर न्हाय. तुमच्या पायाला वास मारतोय."

"काय?"

"कुजल्याचा वास. मला पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. तुमचं हातरूण मी येगळं घातलं, ते थंडीनं न्हाय घातलं. पोराला ठावं हाय. सुनंला ठावं हाय. मानापायी कुनी बोललं न्हाय. मीबी बोलली न्हाय."

रावजीनं रणजितकडे पाहिलं. "व्हय का रं?"

रणजित फरशीकडे बघत राहिला. आतून, दाराआडून, सुनेचा आवाज आला. "व्हय, मामंजी."

रावजीनं नाकपुड्या फुगवून एक मोठा श्वास घेतला. माणूस हरवलेली वस्तू पुन्हा एकदा खिशात चाचपतो, तसा. काहीच आलं नाही. मग त्यानं स्वतः वाकून बुटाची नाडी सोडली.

मोजा सहज निघाला नाही. पाणी टाकून तो सोडवावा लागला. अंगठ्याशेजारच्या बोटांखाली बाभळीचा काटा रुतून मोडला होता, बुटाच्या तळातून आत आलेला. त्याच्याभोवती जे झालं होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला किळस येईल म्हणून नव्हे. त्या पायाला जेवढा मान पाहिजे होता तेवढा आता मी देते.

तासाभरात रणजितनं बापाला बारामतीला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली. आणखी थोडे दिवस उंदीर शोधला असता तर गुडघ्याखाली काढावं लागलं असतं, असं ते म्हणाले. पाय राहिला. नाक काही परत आलं नाही. येईल असं कुणी सांगितलंही नाही, आणि मीही सांगणार नाही.

रावजी घरी आला, पण उपकेंद्राकडे फिरकला नाही. राजलक्ष्मीला वाटलं, आता हा तोंड दाखवणार नाही. पण मी नाकं ओळखते. ते नाक गेलं होतं, त्यामागचा माणूस गेला नव्हता. महिन्यानं गोळ्यांच्या दिवशी तो काठी टेकत आला. रांगेत गावातले आणखी काही साखरेचे बाप्ये होते, सगळे बूट-चपला घालून ऐटीत बसलेले. रावजीनं मधोमध खुर्ची ओढली, बूट काढला, मोजा काढला आणि पाय समोरच्या बाकावर ठेवला. दोन बोटांच्या जागी पांढरी पट्टी होती.

"बगा," तो म्हणाला. "चांगलं बगा. माझ्या घरात पंधरा दिस उंदीर हुडकत हुते. उंदीर ह्यो हुता. मला वास येत न्हाय. आता सांगाय लाज न्हाय वाटत. तुमच्यातल्या कुनाकुनाला येत न्हाय त्येबी कळू दे. काडा बूट."

"रावजी, येडा का खुळा तू?" एकजण म्हणाला. "हितं बायका बसल्यात."

"बसल्यात म्हणूनच काड. बोलनाऱ्या त्याच हायत."

हशा झाला. पण बूट निघाले. सगळे नाही, काही. राजलक्ष्मीनं एकेक पाय पाहिला आणि एकेक नाक माझ्यासमोर आणलं. रावजीनं घरात नवा नियम केला आहे. दिवेलागणीला तो पाय पुढं करतो. द्वारकाबाई बघते, हुंगते, आणि जे असेल ते मोठ्यानं सांगते. एकदा ती म्हणाली, "आज घामट वास हाय, मोजं धुवा." रणजित दचकला. रावजी उठून मोजे धुवायला गेला.

मित्रांनो, माझं सांगणं थोडंच आहे. तुमच्या घरात साखरेचं माणूस असेल, तर त्याचा पाय रोज बघा. त्याला वास येतो का ते विचारा. नुसतं विचारू नका, डोळे मिटायला लावून लसूण धरा. आणि काही कुजतंय असं वाटलं, तर धूप लावू नका, उंदीर शोधू नका. तोंडावर सांगा. माणूस रागावेल. रागावू दे. रागावलेला माणूस दोन पायांवर उभा असतो. आदर म्हणजे गप्प बसणं, असं तुम्हाला ज्यानं शिकवलं असेल, त्यानं चुकीचं शिकवलं आहे, मग तो कितीही मोठा असो.

रावजीनं सगळ्यांसमोर बूट काढला त्याच दिवशी, रांग संपल्यावर, राजलक्ष्मी माझं झाकण लावत होती. रावजी म्हणाला, "थांबा शिस्टर. एक राहिलं."

"कोण?"

"ही." त्यानं द्वारकाबाईकडे बोट केलं. "आमच्या घरात आता एवढंच एक नाक हाय. माझा पाय तिच्या नाकावर हाय. ते कुनी तपासलंय का कवा? हिची साकर कुनी बगितलीय का?"

"मला काय धाड भरलीय?" द्वारकाबाई म्हणाली. "चला, म्हशीची येळ झाली."

"म्हस थांबंल. बस."

"अवं, पर..."

"बस म्हंतो न्हवं. आन् मी भाईर बसतो. पेपर तुजा हाय."

रावजी काठी टेकत बाहेर बाकावर जाऊन बसला. द्वारकाबाई खुर्चीच्या कडेवर टेकली, उठायच्या तयारीत. राजलक्ष्मीनं तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. मग तिनं माझ्यातली एक बाटली उचलली. द्वारकाबाईनं डोळे मिटले. नवऱ्याला घेऊन आलेली बायको स्वतः माझ्यासमोर बसलेली मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहत होते. ती वाकली. बेतानं हुंगलं. कपाळाला आठी पडली.

"च्यापावडर," ती म्हणाली. "पर जुनी हाय. बुरा आलाय तिला. शिस्टर, तुमाला राग येऊ दे न्हायतर न्हाय, ही बाटली टाकून द्या आन् नवी भरा."

राजलक्ष्मीनं बाटलीचा काळा कागद सोडून बघितलं. बुरा आलेला होता. तिनं ती बाटली तिथंच ओतून टाकली आणि म्हणाली, "पुढची धरते, काकू. बोला."